डब्यांच्या किचनमध्ये सगळे १०९९वर, आता ईडीडीची नोटीस: मालकाला दंड किती?

प्रश्न: खातेवही_फ्रीमाँट

कॅलिफोर्नियातला पेरोल आणि ईडीडीचं (राज्याच्या रोजगार खात्याचं) कामकाज ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी कृपया सांगा.

फ्रीमाँटमध्ये डबे आणि केटरिंग करणारी एक एलएलसी आहे, तिचे हिशेब माझ्याकडे आहेत. मुख्य आचारी डब्ल्यू-२वर, म्हणजे पगारी कर्मचारी आहे, त्यामुळे ईडीडीकडे नोंदणी आहे; यूआयचा (बेकारी विमा कराचा) दर ३.४ टक्के. पोळ्या-भाजी करणाऱ्या चार बायका आणि डबे पोचवणारे दोन ड्रायव्हर मात्र १०९९वर, म्हणजे कंत्राटदार म्हणून. पोळीवाल्यांना नगावर पैसे, भाजीवाल्यांना दिवसावर, ड्रायव्हरना फेरीवर. जागा, शेगड्या, पीठ, कामाच्या वेळा सगळं मालकाचं. ड्रायव्हर गाडी आणि पेट्रोल स्वतःचं वापरतात. प्रत्येकाला वर्षाला साधारण २८,००० डॉलर जातात. गेल्या तीन वर्षांचे १०९९-एनईसी मुदतीत भरलेले आहेत.

ऑर्डरी घटल्यावर पोळ्या करणाऱ्या एका ताईंचं काम थांबवलं. त्यांनी बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला आणि मालकाच्या पत्त्यावर डीई ११०१सीझेड (असा अर्ज आल्याची ईडीडीची नोटीस) आलं. मालकाचा विचार असा: ताई स्वतःहून सोडून गेल्या आणि त्या कंत्राटदारच होत्या असं उत्तर लिहायचं. तरीही भत्ता मंजूर झालाच तर त्यांना तो घेऊ द्यायचा आणि शनिवार-रविवारी रोखीवर बोलवायचं. पुढच्या वर्षी बायकोच्या नावे नवी एलएलसी काढून सगळ्यांना तिकडे न्यायचं, म्हणजे जुनं खातं मागे राहील.

प्रत्येक गोष्टीला दंड काय बसतो? आकडे हवेत. आणि हिशेब ठेवणाऱ्याच्या अंगावर काही येतं का?

उत्तर १: पेरोल_सनीव्हेल

आधी नोटिशीवरची टपालाची तारीख बघा. डीई ११०१सीझेडला उत्तर द्यायची मुदत त्या छापील तारखेपासून १० दिवस आहे, शनिवार-रविवार धरून. पाकीट तुमच्या हातात कधी आलं याला अर्थ नाही. उशीर झाला तर मालकाचं म्हणणं विचारात घ्यायचं बंधन ईडीडीवर राहत नाही.

आता प्रकरण आत कसं फिरतं ते. ताईंचा भत्ता मूळ कालावधीतल्या पगारावरून ठरतो, म्हणजे पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाहींपैकी पहिल्या चार. ईडीडी मालकाच्या डीई ९सीमध्ये (पगारांच्या तिमाही विवरणात) त्यांचं नाव शोधते आणि तिथे शून्य दिसतं. ताई १०९९ची प्रत आणि बँकेच्या नोंदी पाठवतात. मग हे प्रकरण भत्ता विभागातून कर विभागाकडे जातं आणि तपासनीस एकट्या ताईंपुरता थांबत नाही. तो सगळे १०९९ मागतो, साधारण गेल्या तीन वर्षांचे. एका अर्जातून सहाजण असेच उघडे पडतात.

त्या कंत्राटदार होत्या हा बचाव टिकणार नाही. कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या डायनामेक्स निकालानंतर आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या एबी ५ कायद्यानंतर तीन अटींची कसोटी आहे. माणूस मालकाच्या नियंत्रणाबाहेर हवा, काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं हवं, आणि त्या माणसाचा त्याच कामाचा स्वतःचा चालू धंदा हवा. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत आणि त्या सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. डब्यांच्या किचनमध्ये गॅसची लाइन दुरुस्त करणारा बाहेरचा असू शकतो, पोळ्या लाटणारी नाही. इथे दुसऱ्या अटीलाच खेळ संपतो. ड्रायव्हरसाठी कोणी प्रॉप २२चं नाव काढेल, पण ती तरतूद ॲपवरून चालणाऱ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरपुरती आहे.

२०२५च्या दरांनी एका माणसाचा वर्षाचा हिशेब:

यूआय: पहिल्या ७,००० डॉलरवर ३.४ टक्के, म्हणजे २३८.
ईटीटी (रोजगार प्रशिक्षण कर): त्याच ७,०००वर ०.१ टक्का, म्हणजे ७.
एसडीआय (राज्याचा अपंगत्व विमा): पूर्ण २८,०००वर १.२ टक्के, म्हणजे ३३६. हा एरवी कामगाराच्या पगारातून कापायचा असतो. वेळेवर कापला नाही की भार मालकावर.

माणशी ५८१, सहा जणांचे ३,४८६ डॉलर. शिवाय व्याज. राज्याचा आयकर कापला नाही म्हणून तोही मालकाच्या नावे लागतो, पण कामगारांनी आपापल्या रिटर्नमध्ये ती कमाई दाखवून कर भरला असेल तर डीई ९३८पी भरून ती रक्कम कमी करून घेता येते. १०९९ वेळेत गेलेत याचा इथे खरा उपयोग आहे.

आता दंड. निष्काळजीपणा ठरला तर १५ टक्के. कर चुकवायचा हेतू ठरला तर ५० टक्के. डीई ९सीमध्ये न दाखवलेल्या प्रत्येक नोंदीला २० डॉलर वेगळे: सहा माणसं, चार तिमाही, म्हणजे वर्षाला ४८०. हे आकडे धंदा बुडवणारे नाहीत, आणि म्हणूनच मालक लोक निर्धास्त असतात. पण १५ आणि ५० मधला फरक हेतूवर ठरतो आणि हेतूचा सर्वांत पक्का पुरावा म्हणजे मालकाने स्वतः लिहून दिलेला कागद. नोटिशीला खोटं उत्तर देणं म्हणजे तो कागद आपल्या हातांनी ईडीडीला देणं.

त्या उत्तराचा दंडही स्वतंत्र आहे. नोकरी का सुटली याबद्दल मालकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने जाणूनबुजून खोटं सांगितलं किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली, तर बेकारी विमा संहितेच्या कलम ११४२नुसार आठवड्याच्या भत्त्याच्या २ ते १० पट दंड. तिमाहीत ७,००० कमाई असेल तर ताईंचा भत्ता आठवड्याला सुमारे २७० डॉलर बसेल. म्हणजे ५४० ते २,७०० डॉलर. तेही मुळात ज्यात काही मिळणार नव्हतं अशा एका वाक्यासाठी!

उत्तर २: ईए_सॅन_होजे

राज्याची बाजू वर आली, मी आयआरएसचं (संघीय कर खात्याचं) सांगतो. तिथे रक्कम मोठी आहे पण सुटायची एक वाटही आहे, आणि ती वाट लवकर बंद होते.

चूक हेतुपुरस्सर नसेल आणि १०९९ भरलेले असतील तर संघीय कर संहितेच्या कलम ३५०९चे सवलतीचे दर लागतात: पगाराच्या १.५ टक्के आयकरापोटी, कामगाराच्या फायका (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर) हिश्श्याचा पाचवा भाग म्हणजे १.५३ टक्के, आणि मालकाचा हिस्सा पूर्ण ७.६५ टक्के. एकूण १०.६८ टक्के. १०९९ भरलेच नसते तर १३.७१. सहा जणांचे वर्षाचे १,६८,००० डॉलर धरले तर १०.६८ने १७,९४२ डॉलर होतात. नियम माहीत असून दुर्लक्ष केलं असं ठरलं तर हे दर मिळत नाहीत, पूर्ण कर लागतो. शिवाय कामगारांकडून कापून भरायचा कर जाणूनबुजून न भरणाऱ्या जबाबदार व्यक्तीवर आयआरएस कलम ६६७२ लावू शकते, आणि त्यात एलएलसीचा आडोसा चालत नाही.

वाट म्हणजे स्वेच्छेने वर्गीकरण सुधारायची योजना, व्हीसीएसपी. फॉर्म ८९५२. यात फक्त शेवटच्या एका वर्षाच्या ३५०९च्या रकमेचे १० टक्के भरायचे. म्हणजे १७,९४२ ऐवजी सुमारे १,७९४ डॉलर, व्याज-दंड नाही, आणि मागच्या वर्षांचं वर्गीकरण आयआरएस उकरत नाही. अटी दोन महत्त्वाच्या. मागच्या तीन वर्षांचे १०९९ भरलेले हवेत, ते तुमच्याकडे आहेत. आणि आयआरएसचं रोजगार कराचं, किंवा संघीय श्रम खात्याचं अथवा राज्याचं वर्गीकरणाबाबतचं ऑडिट चालू नको.

ही दुसरी अट नीट वाचा. डीई ११०१सीझेड हे ऑडिट नव्हे. पण ईडीडीच्या कर विभागाचं ऑडिटचं पत्र आलं की आयआरएसचं हे दार बंद. त्यामुळे "बघू, पत्र आलं तर करू" हा विचार इथे हजारो डॉलरला पडतो.

कोणी कलम ५३०चा (कंत्राटदार मानायला रास्त आधार होता म्हणून कर माफ करणाऱ्या तरतुदीचा) आधार सुचवेल. तो फक्त संघीय करापुरता आहे, कॅलिफोर्निया तो मानत नाही.

खातेवही_फ्रीमाँट

दोघांचे आभार, आकड्यांमुळे मालकाशी बोलणं सोपं जाईल. त्यांचं एक म्हणणं राहिलं: ताईंनी स्वतः १०९९ मागितला होता आणि "मी कंत्राटदार आहे" अशा करारावर सही केली आहे. तो करार जोडला तर? आणि रोखीच्या गोष्टीबद्दल कोणी बोललं नाही.

उत्तर ३: श्रमकायदा_ओकलंड

तो करार जोडून काही साधणार नाही. कामगाराचा दर्जा कायद्याने ठरतो, दोघांच्या संमतीने नाही. उलट मालकाने ठरवून तसं लिहून घेतलं असं दिसेल, आणि मग श्रम संहितेचं कलम २२६.८ समोर येतं. खरा मोठा दंड तिथे आहे. जाणूनबुजून चुकीचं वर्गीकरण केलं तर प्रत्येक उल्लंघनाला ५,००० ते १५,००० डॉलर. तीच पद्धत पडलेली असेल तर १०,००० ते २५,०००. माणशी एक उल्लंघन धरलं तरी सहा जणांचे किमान ३०,०००, आणि पद्धत ठरली तर ६०,००० ते दीड लाख. शिवाय आपण गंभीर उल्लंघन केलं अशी सूचना मालकाच्या सहीने वर्षभर वेबसाइटवर लावावी लागते, वेबसाइट नसेल तर धंद्याच्या जागी. हा दंड लेबर कमिशनर किंवा कोर्ट लावतं, पण ईडीडी आणि लेबर कमिशनर एकमेकांना माहिती देतात.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आहे जी तुम्ही विचारली नाहीत, आणि मला ती दंडापेक्षा जास्त खुपते. २८,००० डॉलर किती तासांचे? आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाचे २,०८० तास. २०२५चं राज्याचं किमान वेतन ताशी १६.५० डॉलर, म्हणजे ३४,३२०. फ्रीमाँट शहराचं किमान वेतन त्याहून जास्त आहे. बायका पूर्णवेळ उभ्या असतील तर प्रत्येकीला वर्षाला निदान ६,३२० डॉलर कमी मिळाले आहेत. ते द्यावे लागतात, आणि तेवढीच रक्कम पुन्हा भरपाई म्हणून. तासांची नोंद नसेल तर कामगाराचा रास्त अंदाज धरला जातो आणि तो खोडून काढायचं काम मालकाचं. आजच व्हॉट्सॲपवरचे ऑर्डरींचे निरोप, किचनचं वेळापत्रक, पोळ्यांच्या मोजणीच्या वह्या जपून ठेवा. काही पुसू नका.

नगावर पैसे देणं बेकायदा नाही. पण कलम २२६.२नुसार विश्रांतीच्या वेळेचे आणि पीठ मळणं, ओटा धुणं अशा बिननगाच्या वेळेचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि पगारपत्रकावर वेगळे दाखवावे लागतात. १०९९वाल्यांना पगारपत्रकच नसतं, त्यामुळे कलम २२६चा माणशी ४,००० डॉलरपर्यंतचा दंड जोडीला. ताईंचं काम थांबवलं त्या दिवशी त्यांचे सगळे पैसे चुकते व्हायला हवे होते. जाणूनबुजून बाकी ठेवले तर रोजच्या मजुरीइतकी रक्कम, ३० दिवसांपर्यंत.

ड्रायव्हरचं मैलांचं भाडं विसरू नका. कर्मचारी ठरले की स्वतःच्या गाडीचा खर्च कलम २८०२खाली मालकाचा. आयआरएसचा २०२५चा दर मैलाला ७० सेंट. रोज ४० मैल आणि वर्षाचे २५० दिवस धरा: एका ड्रायव्हरचे वर्षाला ७,००० डॉलर. सहा जणांच्या ईडीडीच्या वर्षाच्या ३,४८६ डॉलरपेक्षा हा एक आकडा मोठा आहे.

कामगार भरपाईचा विमा या सहा जणांसाठी उतरवलेला नसेल तर तो आजच उतरवा. किचनमध्ये उकळतं तेल आहे. विमा नसताना कोणी भाजलं तर उपचाराचा सगळा खर्च मालकावर, काम बंद करायचा आदेश, आणि वाचवलेल्या हप्त्याच्या दुप्पट किंवा माणशी १,५०० डॉलर, यातलं जे जास्त असेल ते.

रोखीचा बेत तर ताईंनाच खड्ड्यात घालणारा आहे. भत्ता घेणाऱ्याला दर आठवड्याची कमाई सांगावी लागते. लपवली तर पैसे परत, वर ३० टक्के दंड, आणि पुढचे काही आठवडे भत्ता बंद. मालकासाठी तो गुन्हा होतो: भत्ता मिळावा म्हणून खोटी माहिती देणं किंवा त्यात सामील होणं बेकारी विमा संहितेच्या कलम २१०१खाली येतं, आणि रोखीचा पगार लपवणं थेट ५० टक्क्यांच्या खान्यात. शिवाय अशा न दाखवलेल्या रकमेवर आयकराच्या सर्वोच्च दराने वेगळा दंड लागू शकतो. कर चुकवायच्या हेतूने विवरणपत्रंच न भरण्याला तुरुंग आणि २०,००० डॉलरपर्यंत दंड आहे.

खरंच शनिवार-रविवारचंच काम असेल तर त्यांना डब्ल्यू-२वर घ्या. त्यांनी कमाई उघड सांगायची. २५ डॉलर किंवा कमाईचा चौथा हिस्सा, यातलं जे जास्त ते सोडून उरलेली रक्कम त्या आठवड्याच्या भत्त्यातून वजा होते. बाकीचा भत्ता मिळतो. आणि मंदी सगळ्यांनाच लागली असेल तर ईडीडीची वर्क शेअरिंग योजना आहे: कोणालाही न काढता तास १० ते ६० टक्के कमी करायचे, कमी झालेल्या तासांपुरता भत्ता ईडीडी देते. अर्ज डीई ८६८६. दोन कर्मचारी असले तरी चालतं, फक्त ते डब्ल्यू-२वर हवेत.

नव्या एलएलसीचं: मालकी आणि ताबा त्याच घरात असताना कमी दरासाठी पेरोल दुसऱ्या नावावर नेणं हे यूआय दराशी खेळणं मानलं जातं. पकडलं की कायद्यातला सर्वोच्च दर आणि वर २ टक्के. असा सल्ला देणाऱ्याला वेगळा दंड: ५,००० डॉलर, किंवा बुडालेली रक्कम, दंड आणि व्याज यांच्या बेरजेचे १० टक्के, यातलं जास्त ते.

आता तुमच्या अंगावर काय येतं. श्रम संहितेचं कलम २७५३ वाचा. मोबदला घेऊन, जाणूनबुजून, कर्मचाऱ्याचा दर्जा टाळण्यासाठी एखाद्याला कंत्राटदार दाखवा असा सल्ला देणारा मालकाबरोबर संयुक्तपणे जबाबदार ठरतो. मालकाच्या स्वतःच्या नोकरीत असलेली व्यक्ती आणि कायदेशीर सल्ला देणारा वकील यांना सूट आहे. बाहेरून हिशेब बघणाऱ्याला किंवा सीपीएला नाही.

उत्तर ४: पेरोल_सनीव्हेल

वरच्यांनी सांगितलेलं सगळं जुळवायचं तर क्रम महत्त्वाचा. उद्या सकाळी रोजगार करांचा अनुभव असलेला वकील गाठा. व्हीसीएसपी आयआरएसपुरतं आहे, ते करून ईडीडीची थकबाकी मिटत नाही. आणि उलट बाजूने, ईडीडीकडे दुरुस्ती करायला बसलात तर ८९५२ मागे राहायला नको. वकिलाने दोन्ही एकत्र बघून ८९५२ आधी पाठवावा.

ईडीडीकडे दुरुस्ती डीई ९एडीजेवर होते, प्रत्येक तिमाहीला वेगळा फॉर्म. सहा जणांचे सोशल सिक्युरिटी नंबर, त्या तिमाहीतली एकूण रक्कम, आणि यूआय-ईटीटी फक्त ७,०००च्या मर्यादेपर्यंत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे चारही तिमाहींत पूर्ण रकमेवर यूआय लावणं. तिमाहीला ७,००० असेल तर मर्यादा पहिल्याच तिमाहीत संपते, नंतर फक्त एसडीआय. त्या एसडीआयला मर्यादा नाही, २०२४ पासून काढली आहे. आणि दर वर्षागणिक बदला: २०२३ला ०.९, २०२४ला १.१, २०२५ला १.२ टक्के. मागचा एसडीआय आता बायकांच्या पैशातून कापायचा नाही.

नोटिशीचं उत्तर मात्र वकिलाची वाट बघत अडवू नका, मुदत पुढे सरकत नाही. त्यात वस्तुस्थिती लिहा: कामाची पहिली आणि शेवटची तारीख, तिमाहीवार दिलेली रक्कम, पैसे कशावर मोजले, आणि थांबवण्याचं कारण "काम कमी झालं". बस. "स्वतंत्र कंत्राटदार" हे शब्द निष्कर्ष आहेत, ते लिहू नका. उत्तराची प्रत आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. पुढे कर आकारणीची नोटीस आली तर फेरविचाराच्या अर्जाला ३० दिवस असतात.

खातेवही_फ्रीमाँट

तारीख बघितली, सहा दिवस आहेत. विमा आजच काढायला ते तयार झाले. पण "सोडून गेल्या" हेच लिहा आणि कंपनीतर्फे तुम्हीच सही करा असा आग्रह आहे. शिवाय ताईंच्या व्हिसाबद्दल कळवतो असंही ते बोलून गेले.

उत्तर ५: श्रमकायदा_ओकलंड

सही करू नका. कलम ११४२मध्ये "प्रतिनिधी" हा शब्द आहे आणि कारण खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. आजच मालकाला ईमेल पाठवा: माझ्या माहितीप्रमाणे काम कमी झाल्याने थांबवलं, दुसरं कारण मी लिहू शकत नाही, मुदत अमुक तारखेची आहे, आणि वर्गीकरणाबद्दल वकिलाला भेटा असं मी सांगितलं आहे. चार ओळी पुरतात. तरीही ते खोटं लिहून पाठवणार असतील तर काम सोडा, वह्या त्यांच्या त्यांना पावती घेऊन परत करा आणि स्वतःच्या पत्रव्यवहाराची प्रत जवळ ठेवा.

व्हिसाची धमकी मालकाला कोणीतरी ताबडतोब थांबवायला सांगा. किमान वेतन आणि थकलेल्या पगाराचा हक्क इमिग्रेशनच्या दर्जावर अवलंबून नाही. हक्क मागणाऱ्याला इमिग्रेशनकडे कळवायची नुसती धमकी देणं हेही श्रम संहितेच्या कलम २४४नुसार सूडाची कारवाई धरलं जातं, आणि सूडाच्या कारवाईचा दंड माणशी १०,००० डॉलरपर्यंत जातो.

ताईंनाही कळू द्या की लेबर कमिशनरकडे पगाराचा दावा लावायला वकील लागत नाही, फी नाही, आणि मराठी दुभाषा मागता येतो. किमान वेतनाच्या फरकासाठी त्या तीन वर्षं मागे जाऊ शकतात.